सुभेदारांचा दोर

सुभेदारांना माझं नाव शेवटपर्यंत ठाऊक नव्हतं. इतकी वर्षं माझ्या दारात येत होते, माझ्या हातचा चहा पीत होते, साखर कमी पडली की तोंड वाकडं करत होते. पण नाव विचाराल तर नाही. त्यांच्या लेखी मी ‘जांभळाच्या बाई’. भिंतीपलीकडची माझी शेजारीण जैबुन म्हणजे ‘जांभळापल्याडच्या बाई’. कोपऱ्यावरच्या वकिलांशी त्यांचं एकदा वाजलं होतं, म्हणून ते ‘निलगिरीवालं बेणं’. मी एकदा चिडून म्हटलं, “आवं, मला आईबापानं नाव ठेवलंय की!” तर म्हणाले, “माणसाचं काय, आज हितं, उद्या बदली हून तिकडं. झाड जाग्याव ऱ्हातंय. मी झाड ध्येनात ठिवतो.”

मलाही त्यांचं नाव माहीत नव्हतं म्हणा. सगळे सुभेदार म्हणत, मीही सुभेदार म्हणायचे. निवृत्त झाले तेव्हा ते सुभेदार नव्हतेच, खालच्याच हुद्द्यावरून घरी आले होते, हे मला फार उशिरा कळलं. पण कुणीतरी एकदा सुभेदार म्हटलं आणि त्यांनी ते खोडलं नाही. पलटणीत दोर टाकून नाल्यांवर पूल बांधायचं काम करायचे. घरी आल्यावर ऊस बघायला थोरला भाऊ होता, मग ह्यांनी दोर झाडांवर टाकला. घरावर वाकलेलं झाड हलकं करायचं, वळवाच्या आधी फांद्या विरळ करायच्या, आणि काहीच इलाज नसला तर झाड वरून खाली तुकड्या-तुकड्यानं उतरवायचं. साताऱ्यापासून सांगलीपर्यंत कुणाच्या पत्र्यावर फांदी कुरकुरायला लागली की त्यांच्या गावी, कुंडलला, फोन जायचा. ते फोन उचलून नमस्कार वगैरे काही नाही, थेट विचारायचे, “बोला. कुठलं झाड?”

‘तोडायचं’ हा शब्द त्यांच्यापुढं काढायची सोय नव्हती. मी पहिल्यांदा बोलावलं ते जांभूळ तोडायलाच. इथं साताऱ्यात माझी पिठाची गिरण घराच्या मागच्या अंगाला आहे, वर पत्रा. त्यावर उन्हाळाभर जांभळाचा पाला, मग जांभळं, मग पोरांचे दगड. खाली बायकांची पांढरी पातळं जांभळी व्हायची आणि बोलणी मी खायची. शिवाय जांभळाचं लाकूड ठिसूळ, वारं सुटलं की कुठली फांदी कुठं येईल भरवसा नाही. म्हटलं, तोडून टाका एकदाचं. सुभेदारांनी खांद्यावरचा दोर खाली ठेवला, झाडाला एक फेरी मारली, बुंध्याला कान लावला, लाकडी हातोडीनं ठिकठिकाणी वाजवून बघितलं. मग माझ्याकडं वळले.

“काय म्हणालात? पुन्ना म्हणा.”

गिरणीवाली बाई मी, जात्याच्या आवाजावर ओरडून ओरडून माझा गळा लाऊडस्पीकरचा झालेला, गल्लीत कुणाला ऐकत नाही. पण त्या माणसापुढं गप्प बसले. ते म्हणाले, “झाड निरोगी हाय. वाऱ्याला जायाला वाट करून दितो, काय हुत न्हाई. हे झाड कुणाच्या घराव पडलं तर माझं नाव बदला.”

“नाव ठाऊक असलं तर बदलीन की!” मी म्हटलं. तेव्हा पहिल्यांदा हसले.

तेव्हापासून दर चैत्रात यायचे. एसटीनं. दोराचं ते भलंमोठं वेटोळं गळ्यात अडकवून बसायचे, आणि कंडक्टरनं सामान म्हणून हटकलं की म्हणायचे, “सामान न्हवं, अंगावरचा कपडा हाय. काडून दावू का?” म्हणे एकदा खरंच बटणं सोडायला लागले होते. पुढं त्या रस्त्याच्या कंडक्टरांनी नाद सोडला.

त्यांचा एक नियम होता, त्यापायी निम्मी गिऱ्हाइकं वैतागायची. झाड ज्याचं, दोर त्यानं धरायचा. त्यांची दोन माणसं असायची, दोघंही पैलवान गडी. फांदीला बांधलेल्या दोराचे खांबाला वेढे देऊन खरा भार तेच सांभाळायचे. पण दोराच्या एका टोकाला घरचं माणूस पाहिजे म्हणजे पाहिजे. वरून सुभेदार ओरडणार, “धरला का?” खालून घरच्यानं ओरडायचं, “धरला!” मग ते म्हणणार, “सोडतो!” आणि करवतीचा शेवटचा हात. त्यानंतर फांदी भुईला टेकेपर्यंत दोर सोडायचा नाही. नजरसुद्धा काढायची नाही.

मी विचारलं होतं, हे कशाला नाटक? तुमची माणसं काय कमी आहेत? तर म्हणाले, “दोर हातात आला की झाड किती जड हाय ते कळतंय. एकदा कळलं की माणूस उगं मला बलवत न्हाई.” हे म्हणजे दुकानदारानं गिऱ्हाईक घालवायला दुकान उघडल्यासारखं झालं. पण त्यांचं तसंच होतं.

वाईला घाटाजवळ एक गुरुजी होते, त्यांच्या परसात आंबा. सुभेदार गेले तेव्हा गुरुजी आंघोळ करून ओलेत्यानं स्तोत्र म्हणत होते. दोर हातात दिला. सुभेदार वर चढले, करवत लावली, “धरला का?” गुरुजींनी मान हलवली. स्तोत्र मध्येच कसं तोडणार? सुभेदार वरून म्हणाले, “मान न्हाई, तोंडानं सांगा!” गुरुजी आणखी जोरात मान हलवायला लागले. मग काय, सुभेदार फांदीवर घोडा करून बसले, तंबाखू मळली, आणि स्तोत्र संपेपर्यंत कृष्णेकडं बघत राहिले. गुरुजी खाली ओल्या धोतरात कुडकुडतायत आणि हात जोडायला मोकळे नाहीत, तरी म्हणतायत. संपल्यावर “धरला बाबा, धरला!” असं काकुळतीला येऊन ओरडले म्हणे. हे सांगताना सुभेदार गुरुजींची मान हलवून दाखवायचे आणि आम्ही बाया पदर तोंडात घालून हसायचो.

कवठे महांकाळात एकाचं घर होतं, मालक पुण्याला. तो म्हणाला, मी फोनवर आहे, स्पीकर लावा, इथून म्हणतो धरला. सुभेदारांनी दोर गुंडाळला. “फोननं दोर धरता येत असंल तर फोननंच झाड उतरवा,” म्हणून सरळ स्टँडवर. त्या मालकाला पुढच्या रविवारी यावं लागलं. आला तो बायकोला घेऊन आला, आणि दोघांनी मिळून दोर धरला.

आता त्यांच्या दुसऱ्या नादाचं सांगते, कारण सगळं पुढं त्यावरूनच घडलं. छाटणी झाली की सुभेदार झाडाला पार बांधायचे. कुणी सांगितलेलं नसायचं. दगड, माती, सिमेंट कुठून कुठून गोळा करायचे आणि स्वतः थापी घेऊन बसायचे. “झाडाला मान पायजे,” म्हणायचे. “बुडात माणसं बसली, बोलली, की झाड खुशीत ऱ्हातंय.” माझ्या जांभळालाही बांधला. बुंध्याभोवती चांगली कमरेइतकी माती भरली, दगड लावले, वरून घोटून असा गुळगुळीत केला की बघत राहावं. पार झाला आणि गिरणीची शोभाच वाढली. दळणाचे डबे ओळीनं लावून बाया पारावर टेकायच्या. जैबुनची अम्मा लसूण सोलत बसायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकीच्या सुनेची चौकशी करायची. पट्टा तुटून गिरण बंद पडली तरी कुणी घरी जायचं नाव घेत नसे. ते दिवस आठवले की अजून वाटतं, एवढं सुख आपल्या दारात होतं आणि आपण पाल्याची कुरकुर करत बसलो.

मग अम्मा पडली. खुब्याचं हाड मोडलं, वयामुळं डॉक्टरांनी हात लावला नाही, ती अंथरुणालाच खिळली. जैबुननं स्वयंपाकघराला लागून असलेल्या खोलीत तिची खाट टाकली, आमच्या मधल्या भिंतीजवळ, का तर म्हातारीला खिडकीतून जांभूळ दिसावं.

त्या उन्हाळ्यात वळीव आला तो भर दुपारी. गिरण चालू होती. आधी दिवे गेले, मग वारा आला, आणि त्यात एक आवाज झाला तो मी आधी कधी ऐकला नव्हता, जमिनीच्या आतून आल्यासारखा. बाहेर येऊन बघते तर पार मधोमध तडकलेला आणि जांभूळ अख्खंच्या अख्खं जैबुनच्या घरावर वाकलेलं. पडलं नव्हतं. शेंड्याच्या फांद्या तिच्या पत्र्याला टेकल्या होत्या आणि खाली अम्मा. आम्ही दोघी धावलो, खाट उचलायला गेलो, तर म्हातारी अशी किंचाळली की जैबुनचे हातच सुटले. हलवताच येईना. अम्मा म्हणाली, “छोड दे बेटी, मरना है तो इधरीच मरूंगी.” जैबुन भिंतीला टेकून रडायला लागली आणि मलाही रडू आवरेना.

नगरपालिकेचा माणूस बघून गेला, म्हणाला लगेच उतरवा. मी कुंडलला फोन लावला. “बोला. कुठलं झाड?” मी म्हटलं, “तुमचंच.”

सकाळच्या पहिल्या गाडीनं आले. गुडघे गेलेले, चढायचं त्यांनी कधीच सोडलं होतं. त्यांची माणसं चढायची आणि हे खालून शिव्या घालायचे. मी दारातच तयार होते. रात्रभर मनात जुळवाजुळव केली होती: मी तोडा म्हणत होते, तुम्ही तोडू दिलं नाही, आता काय बदलू तुमचं, नाव की गाव? पण ते माझ्याकडं आलेच नाहीत. सरळ पाराकडं गेले, टिकाव घेतला आणि स्वतः घोटलेला तो पार फोडायला लागले. माती बाजूला ओढली. आतला बुंधा काळा पडला होता. त्यांनी बोट लावलं तर साल ओल्या भाकरीसारखी हातात आली. घाण वास सुटला.

सुभेदार तिथंच मातीत बसले. “बाई,” म्हणाले, “हे वाऱ्यानं न्हाई केलं. हे मी केलंय.”

मला काही समजेना. “जांभळाला बुडात मोकळं लागतंय. मी त्येला कमरेपत्तुर मातीत गाडलं. वरनं छाटत ऱ्हायलो, वाजवून बगत ऱ्हायलो, आन खालनं मीच कुजवलं. मान द्याया गेलो व्हतो.” एवढं बोलून त्यांनी टोपी काढली आणि तिनंच तोंड पुसलं. माझी सगळी जुळवलेली भांडणं तोंडातल्या तोंडात विरघळली. म्हटलं, “उठा सुभेदार, आभाळ भरायच्या आत उरकायला पाहिजे.”

त्यांच्या माणसांपैकी एक कमरेला पट्टा बांधायला लागला, तर त्याच्या हातून हिसकावून घेतला. “माझ्या चुकीव तुला चडवू व्हय रं? हो बाजूला.” आम्ही सगळे नको नको म्हणत होतो. ऐकतोय कोण! त्या गुडघ्यांनी कसे चढले देव जाणे. वाकलेल्या बुंध्यावरून रांगत, मध्येच थांबत, एकदा तर नुसते झाडाला मिठी मारून पडून राहिले. आम्हाला वाटलं, आता उतरवा म्हणतील. पण वरून हाक आली, “दोर कुणाच्या हातात हाय?”

गिरणीच्या लोखंडी खांबाला वेढे घातले होते, मागं ते दोघे गडी. टोक माझ्या हातात. जैबुन आली आणि माझ्या हातांच्या मागं तिनंही धरलं. म्हणाली, “सावली मी पण खाल्लीय.”

“धरला का?”

“धरला!” आम्ही दोघी ओरडलो.

“सोडतो!”

फांदी सुटली की दोराला असा हिसका बसायचा की खांद्यापर्यंत झिणझिण्या. मग ती हळूहळू खाली येणार, कच्च्या हिरव्या जांभळांनी लगडलेली, आणि अंगणात अलगद टेकणार. एक टेकली की दुसरी. दुपार कलायला लागली, यवतेश्वराच्या अंगानं ढग चढायला लागले. जैबुन तोंडानं दुवा पुटपुटत होती. शेवटची मोठी फांदी राहिली, अम्माच्या खोलीवर आडवी. तिला दोर बांधून सुभेदार गप्प बसले. वारं सुटायला लागलं होतं. खाली गडी ओरडले, “आवरा की!” तरी गप्प. मग त्यांचा आवाज आला, पण नेहमीचा नव्हता. “जांभळाच्या बाई... धरला का?”

“धरलाय! मेल्याशिवाय सोडत नाही!” मी ओरडले. एवढ्या मोठ्यानं मी आयुष्यात कधी ओरडले नसेन, गिरणीवरसुद्धा नाही.

फांदी फिरली, पत्र्याला घासून आवाज झाला, आणि आमच्या अंगणात आली. जैबुनच्या पत्र्याचा एक खिळासुद्धा हलला नाही. ते खाली उतरले आणि वळीव कोसळला. आम्ही सगळे जैबुनच्या घरात शिरलो. अम्मानं खिडकीतून बघितलं, तिकडं नुसतं आभाळ. “गया क्या झाड?” म्हणाली. “अब जांभूळ कौन देगा?” जैबुननं तिची उशी सारखी केली.

चहा घेतला नाही त्यांनी त्या दिवशी. निघताना दोर गळ्यात घातला, माझ्याकडं वळून म्हणाले, “येतो, जांभ...” आणि थांबले. मला हाक मारायला त्यांच्याकडं नावच उरलं नाही. तसेच पायरी उतरून गेले. मला फार वाईट वाटलं, झाडाचं वाटलं त्याहून जास्त.

त्यानंतर म्हातारा टिकाव घेऊन हिंडायला लागला. पहिला फोडला तो स्वतःच्या दारातला लिंबाचा पार. मग ज्या ज्या घरी बांधले होते तिथं तिथं गेले. लोकांना वाटलं डोकं फिरलं. वाईच्या गुरुजींनी पारावर मारुती बसवला होता, ते आडवे झाले. सांगलीत एकांनी वर फरशी लावून घेतली होती, त्यांनी फाटकच उघडलं नाही. सुभेदार फाटकाबाहेर ठिय्या मारून बसले. जिथं जातील तिथं एकच सांगायचे, “मी चुकलोय. मला फोडू द्या.” दुसऱ्याची चूक काढण्यात ज्यांचा जन्म गेला, त्यांच्या तोंडी हे शब्द ऐकून लोक आणखीच घाबरायचे. मग ते माझा नंबर द्यायचे. मला फोन यायचे, ते आजोबा बरे आहेत ना? मी म्हणायचे, “बरे आहेत, तुम्हीच बरे नाही आहात! वड-पिंपळाचा सोडून कुठलाही पार मुकाट फोडू द्या. खोटं वाटत असेल तर माझ्या दारात कुजका बुडखा पडलाय, येऊन बघून जा!” काही खरंच आले. बघितलं, बोट लावलं, आणि घरी जाऊन फाटक उघडलं. गुरुजींनी मारुती देवळात नेला. त्यांचा आंबा अजून उभा आहे.

पुढच्या पावसाळ्यात सुभेदार आले ते गोडेतेलाच्या डब्यात जांभळाचं रोप घेऊन. भिंतीपासून लांब, माझ्या अंगणाच्या मधोमध लावलं. बोटानं बुडातली माती मागं सारली. “पाय उगडं ठिवायचं त्येचं. पाऊस माती आणून टाकंल, तुमी काडत जावा. पार न्हाई, कट्टा न्हाई, काय न्हाई. बसायचं तर खुर्ची घ्या.” मी चहा दिला. घोट घेऊन तोंड वाकडं केलं. “साकर कमी हाय, जांभळाच्या बाई.” मी आत गेले साखर आणायला, पण खरं म्हणजे डोळे पुसायला.

यंदा थंडी संपता संपता त्यांच्या बायकोचा फोन आला. आठवण काढतायत का विचारलं तर म्हणाल्या, “वळखत कुणाला न्हाईत, पर तुमी याच.” जैबुन आणि मी एसटीनं कुंडलला गेलो. दारात लिंब होता, मुळांचे पाय उघडे, भोवती प्लास्टिकच्या खुर्च्या. आत सुभेदार खाटेवर, एवढेसे झालेले. डोळे मिटलेले, आणि तोंडानं सारखं एकच.

“धरला का?”

“कालधरनं ह्येच चाललंय,” त्यांच्या बायको म्हणाल्या. “दोर मागत्यात वाटलं म्हणून दोर आणून हातात दिला, तर फेकून दिला. लेक म्हणाली हां बाबा, हां. तरी तेच. सुखानं डोळा लागंना बगा. आवं, हे काय इचारत्यात? आमाला कवा कामाव नेलं न्हाई त्यांनी.”

मी खाटेजवळ गेले. म्हटलं, “सुभेदार, गिरणीच्या बाई आल्यात.” काही नाही. मग म्हटलं, “जांभळाच्या बाई आल्यात.” पापणी हलली. अंगावरच्या चादरीचं एक टोक त्यांच्या मुठीत होतं. मी दुसरं टोक दोन्ही हातांनी धरलं. माझ्या मागं जैबुननं धरलं.

“धरला का?”

मी त्या लहानशा खोलीत, गिरणीवर ओरडते तशी ओरडले, “धरला!”

त्यांचा चेहरा निवळला. “सोडतो,” म्हणाले, आणि मूठ उघडली.

बायको हुंदके द्यायला लागल्या, लेक धावत आली. पण फांदी भुईला टेकेपर्यंत दोर सोडायचा नसतो, हे त्यांनीच आम्हाला शिकवलं होतं. आम्ही दोघी चादर धरून बसलो.